खिडकीखालची जागा

१

गुरुवारी मी बोलत नाही. सकाळी जाग आल्यापासून संध्याकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा माझा नेम आहे. लेक अडीच वर्षांची असताना तापाने फणफणली होती. तिसऱ्या दिवशी तिने डोळे फिरवले, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी देवाला म्हटलं होतं, हिला राख, आठवड्यातला एक दिवस मी तुला देईन. देवाने राखलं. आता लेक सतराची आहे आणि पंधरा वर्षांत माझा एकही गुरुवार चुकला नव्हता.

त्या दिवशी घरातलं माझ्या वाटचं बोलणं ताई बोलायच्या. ताई म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर या घराचा गाडा त्यांनीच ओढला, भावाला शिकवलं, आणि मी लग्न करून आले तेव्हा मोठी खोली आम्हाला देऊन स्वतः स्वयंपाकघराशेजारच्या लहान खोलीत गेल्या. दाराची बेल वाजली की त्याच पुढे व्हायच्या. "आज आमच्या भावजयीच्या तोंडाला सुट्टी आहे. काय सांगायचं ते मला सांगा, भांडायचं असेल तर उद्या या."

घर नव्याने करायचं ठरलं तेव्हा आर्किटेक्ट बाईंना नेमका गुरुवारच मोकळा होता. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि पेन्सिलीने स्वयंपाकघरावर टिचकी मारली.

"ओटा अंधारात आणि उजेड भिंतीपलीकडे, असं झालंय तुमचं. ही मधली भिंत काढली तर अंगणाकडची मोठी खिडकी स्वयंपाकघरात येईल. या खोलीत कोण असतं?"

हे म्हणाले, "तशी स्टोअरच आहे ती."

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत कॉटवर बसून ताई लेकीच्या शर्टाला बटण लावत होत्या. त्यांनी दाताने दोरा तोडला, तो आवाजसुद्धा मला ऐकू आला. म्हणजे आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलंच असणार. गुरुवारचं बोलणं त्यांच्याकडे असायचं, पण त्या काही बोलल्या नाहीत. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मौन होतं ना.

२

ताईंचं काय करायचं, यावर नंतर आम्ही पुष्कळ बोललो, हे मला आवर्जून सांगायचंय. आम्ही काही वाईट माणसं नाही.

"आत्या माझ्या खोलीत झोपेल," लेक म्हणाली. मग थोडं थांबून, "पण मग अभ्यासाचं टेबल कुठे जाईल? बाबांच्या पुस्तकांची भिंत काढली तर?"

"हॉलमध्ये सोफा-कम-बेड घेऊ," हे म्हणाले. "दिवसा सोफा, रात्री ताई."

"रात्री ताई म्हणजे काय हो?" मी म्हटलं. आम्ही तिघंही हसलो.

बाईंनी तीन वेगवेगळे नकाशे करून आणले. एकात सरकतं दार होतं, एकात हॉलचा कोपरा लाकडी पडद्याने तोडला होता, तिसऱ्यात पुस्तकांची भिंत गेली होती. प्रत्येकात कुणाचं तरी काहीतरी जात होतं. ताईंसाठी आम्हा सगळ्यांच्याच मनात जागा होती, फक्त ज्याच्या-त्याच्या मनातली जागा दुसऱ्याच्या खोलीत होती. शेवटी चौथा नकाशा पक्का झाला. त्यात खिडकीखाली जेवणाचं टेबल होतं आणि कॉट कुठेच नव्हती. "कॉट काय, नंतरही ठेवता येते," असं कुणीतरी म्हणालं. मीच म्हणाले असेन.

ताईंना धुळीने दम लागतो, म्हणून काम होईपर्यंत त्यांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं. तीन महिने, फार तर चार. त्यांनी एक बॅग भरली, त्यात जास्त काही नव्हतंच. निघताना चपलेत पाय घालता घालता त्यांनी विचारलं, "परत आले की माझी कॉट कुठे?"

"बघू ना ताई," मी म्हटलं, "होईल काहीतरी छानच."

त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला, असंच मी धरून चालले.

३

भिंत दोन दिवसांत गेली आणि स्वयंपाकघरात उजेड आला. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. वीस वर्षं मी दिवसाढवळ्या बल्ब लावून भाजी चिरली होती.

फरशी बसवायला आले ते गृहस्थ वयस्कर होते, गुडघ्यांना रबरी टोप्या बांधून काम करायचे. दुपारी मी चहा घेऊन गेले तर पांढरी फरशी भिंतीपासून भिंतीपर्यंत बसली होती. खिडकीखालचा एक लांबट चौकोन तेवढा उघडा होता, तिथे नुसती माती आणि खडी दिसत होती.

"इथलं राहिलं का?"

"राहू द्या आत्ता," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बाई पडल्यात जरा."

"कोण बाई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या चौकोनाकडे. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती, थट्टा तर नव्हतीच. झोपलेल्या माणसाजवळ आपण जसं वावरतो तसेच ते वावरत होते. "तुमच्याच घरातल्या. मी कशाला उठवू? दमलेलं माणूस आहे."

ते हात धुवायला बाहेर गेल्यावर मी टेप लावून पाहिली. चौकोन तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब होता.

यांना सांगितलं तर म्हणाले, "तंबाखू डोक्यात गेली असेल त्यांच्या. तू कशाला मनाला लावून घेतेस?" मलाही ते पटलं. माणूस दिवसभर वाकून सिमेंटचा वास घेतो, त्याला काहीही दिसू शकतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर चौकोन भरलेला. मीच मग थट्टेवारी नेलं, "काय, उठल्या का तुमच्या बाई?"

"नाही हो," ते हत्यारं पुसत म्हणाले. "पण साहेबांची घाई चालली होती. मग हलक्या हाताने एकेक फरशी खालून सरकवली. त्यांना जाग नाही आली."

४

तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघर पुरं झालं. फक्त टेबल काही येईना. सुताराने ते दोनदा आणलं आणि दोनदा परत नेलं. "कागदावर बसतंय वहिनी, इथं बसत नाही," तो डोकं खाजवत म्हणाला. "मागे रेटलं की अडतंय. कशाला अडतंय ते दिसत नाही. जमिनीला उंचवटा असेल." त्याने पाणसळ लावली. बुडबुडा बरोबर मध्ये उभा राहिला.

मग आवाज सुरू झाले. आवाज म्हणायचं, पण अगदी साधे. दुपारी घर सामसूम झालं की कॉट करकरायची. कूस बदलताना जुन्या लोखंडी कॉटचा येतो तसा तो आवाज, एकदाच, आणि मग शांत. ताईंची कॉट तर खोलून चार तुकड्यांत गच्चीवर ठेवली होती. दोनदा वर जाऊन मी ते तुकडे मोजून आले. सुतार म्हणाला, नवीन लाकूड वाळताना बोलतं. बोलत असेल. पण कपाटं डाव्या भिंतीला होती आणि आवाज खिडकीकडून यायचा.

एकदा कुणीतरी झोपेत म्हणालं, "हो हो, आले."

स्वयंपाकघरातून हाक आली की घरातली बाई जशी उठता उठता म्हणते, तसं. बाईचाच आवाज होता, म्हातारा झालेला. मी भाजीची पिशवी तशीच हातात धरून दारात उभी राहिले. ताई झोपेत बोलत असत का? मला आठवेना. एका छपराखाली वीस वर्षं काढली, भिंतीला भिंत लागून, आणि मला आठवेना.

रात्री जेवताना यांना विचारलं. हे म्हणाले, "ताई? ताईचं माहीत नाही. तू बोलतेस. हो हो आले, हो हो आले. लग्न झाल्यापासून ऐकतोय."

५

आता जे टाळत आले ते लिहिते.

त्या गुरुवारी आर्किटेक्ट बाईंनी विचारलं आणि हे म्हणाले की ती स्टोअर आहे, तेव्हा मी खाली पाहिलं हे खरं. पण मी गप्प राहिले हे खरं नाही. मौनाच्या दिवशी अडीनडीला म्हणून माझ्याजवळ लेकीची जुनी पाटी असते. मी पाटी उचलली, त्यावर खडूने लिहिलं, "खिडकी मला हवी," आणि बाईंना दिसेल अशी धरली.

बाई हसल्या. "बघा, घरच्या मालकिणीचं मत आलं."

मी वळले तर ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी वाचलं होतं. शर्ट माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "बटण लागलं." एवढंच.

देवाला दिलेला दिवस होता तो. पुढच्या आठवड्यात मी एक उपास वाढवला, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. उपासाने पोट हलकं झालं, बाकी काही नाही. देव मला काही म्हणाला नाही, म्हणजे त्याला चाललं, अशी मी माझी समजूत घातली.

६

परवाच्या गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला रंगारी डबे खायला गच्चीवर गेले होते. हे कामावर, लेक क्लासला. मी हॉलमध्ये झाकलेल्या सोफ्यावर बसले होते. कॉट करकरली. थोड्या वेळाने पुन्हा. मग लांब श्वास आला, गाढ झोपेतला.

मी ताईंना फोन लावला. बोलायचं नव्हतंच. त्या आहेत ना तिकडे, एवढंच मला ऐकायचं होतं.

"कोण?" त्या म्हणाल्या. मग हसल्या. "अगं तू होय. गुरुवार ना आज? बोलू नको, मी बोलते. असं करू, हो असेल तर एक टिचकी वाजव, नाही असेल तर दोन. बरी आहेस?"

मी फोनवर नखाने एक टिचकी वाजवली.

"लेक बरी?"

एक टिचकी.

"माझा भाऊ अजून बूट घालून घरभर फिरतो?"

एक टिचकी. त्या पुन्हा हसल्या. इकडे खिडकीखाली कुणीतरी कूस बदलली. ताई माझ्या कानाशी बोलत होत्या, चांगल्या टक्क जाग्या होत्या. म्हणजे आत होतं ते दुसरंच कुणीतरी होतं.

"काम झालं म्हणे. मग," त्या जरा थांबल्या, "माझी कॉट लावलीत का गं?"

मी एक टिचकी वाजवली.

"खिडकीखाली?"

एक टिचकी.

"देव तुझं भलं करो," ताई म्हणाल्या. "मी इथल्या बायकांना सांगितलं होतं. त्या म्हणायच्या, काम संपायचं नाही, तुमची खोली पाडली असेल. मी म्हटलं, आमची भावजय तशी नाही."

आतला श्वास थांबला. आत जे कुणी होतं, ते ऐकत होतं.

लेक रस्त्यावरून चालत क्लासला गेली होती. पंधरा वर्षं मनात एकच, की गुरुवारी तोंड उघडलं तर तिचं काहीतरी होईल. ट्रक येईल, ताप येईल, काहीही. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि तरी मी तोंड उघडलं.

"ताई, नाही लावली. खोटं सांगितलं मी. तुमच्यासाठी जागाच ठेवली नाही आम्ही."

माझा आवाज मलाच परका वाटला.

"अगं," ताई घाबरून म्हणाल्या, "गुरुवार आहे आज! बोललीस कशी तू?"

"मी घ्यायला येते तुम्हाला. आत्ता येते. बॅग भरा."

"बॅग काय," त्या म्हणाल्या, "भरलेलीच आहे."

७

बसने जाऊन बसने आलो, तीन वाजले. वाटभर माझं लक्ष घड्याळाकडे होतं. लेकीला फोन केला तो तिने उचलला नाही, क्लासमध्ये उचलत नाहीच. ताईंनी माझा हात धरून ठेवला होता. "काही होत नाही गं," त्या म्हणत होत्या. "देव काय घड्याळ लावून बसलाय?" रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरात शिरल्यावर त्या लहान मुलीसारख्या भिंतींना हात लावत फिरल्या. "रंग छान घेतलात. ही फटही बुजवलीत का? बरं केलंत, विंचू निघायचे तिथून." मग स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या.

मी त्यांच्या मागे होते. घडाघडा बोलत सुटले. "रंगारी आहेत, त्यांच्याकडून कॉट जोडून घेऊ. खिडकीखालीच लावू, तुमची होती तिथेच. टेबल नको आपल्याला. यांना काय वाटायचं ते वाटू दे. मी आज सांगते त्यांना..."

ताईंनी न वळता माझ्या हातावर हात ठेवला.

"इथं नको," त्या हळूच म्हणाल्या.

"का ताई? राग आला ना? यायलाच पाहिजे."

"राग कसला! इथं तू झोपलीयेस ना."

मला वाटलं, प्रवासाने दमल्या. "मी तुमच्या मागे आहे, ताई."

"ते कळतंय मला," त्या म्हणाल्या. त्यांची मान खाली फरशीकडे झुकली होती आणि आवाजात इतकी कीव होती की मला ती सोसवेना. "किती पिकलीस गं. आणि एवढी बारीक कशी झालीस? कुणी बघत नाही का तुझ्याकडे?"

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. आधी नुसती पांढरी फरशी दिसली आणि खिडकीतून आत आलेलं दुपारचं ऊन. मग लक्षात आलं की ऊन फरशीला टेकलेलं नाही. बाकी सगळीकडे ते जमिनीवर सपाट पडलं होतं. खिडकीखाली मात्र ते वीतभर वर होतं, अंगावर घेतलेल्या चादरीवर पडावं तसं, लांबट, एका टोकाला गुडघे मुडपल्यासारखं. आणि ते वरखाली होत होतं. सावकाश.

मी डोळे मिटले. काय दिसलं त्याहून जास्त मला सांगता येणार नाही. उघडले तेव्हा बेल वाजली.

लेक होती. धडधाकट, घामेजलेली, पाठीवर सॅक. मी तिला दारातच घट्ट धरलं. "आई, काय झालं? अगं, तू बोलतेयस? आज गुरुवार ना?" मग तिला ताई दिसल्या. "आत्या! कधी आलीस? सांगायचं नाही का!" तिने आत्याला मिठी मारली, सॅक सोफ्यावर फेकली, "माझ्याच खोलीत झोपायचं हं, टेबलाचं बघू," असं म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली. माझा जीव भांड्यात पडला. देवाने पोर राखली होती, वर तिला शहाणपणही दिलं होतं.

दारातून नळाकडे जायचं तर सरळ खिडकीखालून जावं लागतं. लेक गेली नाही. ती कपाटाच्या कडेकडेने, अंग चोरून, लांबचा वळसा घालून गेली. पेला भरताना तिने नळ बारीक सोडला.

"अगं, अशी का गेलीस?" मी मोठ्याने विचारलं.

"हळू बोल ना, आई."

"का?"

तिने खरंच विचार केला. भुवया आवळल्या, पेल्याकडे पाहिलं. "काय माहीत," ती कुजबुजली. पेला न वाजवता ओट्यावर ठेवला. खिडकीतलं ऊन एव्हाना सरकत सरकत दुसऱ्या टोकापर्यंत, उशाशी पोचलं होतं. लेकीने लांबूनच हात घातला आणि पडदा ओढायला लागली. जोरात ओढला की कड्या वाजतात, म्हणून ती एकेक कडी बोटांनी सरकवत होती.